तांबं आणि जाळी

बापाच्या खाटेशेजारी उभं राहून गोकुळ मला म्हणाला, "बाबाले तं चालू काय अन् बंद काय, सारखंच. टीव्ही काढून टाकू, जागा तरी हुईल." चाळिशीचा घोडा झाला, पण बाप ऐकतो आहे याची लाज नाही.

यांची उजवी बाजू गेली त्याला दोन वर्षं झाली. वाचाही गेली. कान शाबूत आहेत. सातच्या बातम्यांत सोयाबीनचा भाव चढला की डावा हात उचलतात, पडला की खाटेवर आपटतात. एवढंच बोलणं उरलं आहे. आठ दिवसांपासून पडद्यावर 'सिग्नल नाही', आणि हे भिंतीकडे तोंड करून.

"तुह्या खोलीतला कसा चालते मंग?"

"माही वायर नवी हाय."

डिश एकच. आठ दिवसांपूर्वीच यानं तिच्या वायरीला फाटा मारून आपल्या खोलीत दुसरा टीव्ही लावला होता. तो निघून गेला तशी मी विळा घेतला आणि गुडघा धरत गच्चीवर चढले. टाकीमागे काळ्या टेपाचा गोळा, विहिरीवरच्या मोटारीच्या वायरी जोडतात तसा. सोडून पाहिला. आतलं तांबं तिन्ही वायरींचं एकत्र पिळलेलं. वरची बारीक तारांची जाळी मात्र फक्त डिशच्या आणि त्याच्या वायरीची जोडलेली. आमची कापून फेकलेली. गोळा टेपात मावेना, म्हणून असेल.

डिश बसवताना चिखलीच्या धम्मरत्नानं मला बजावलं होतं, "आजी, तांबं अन् जाळी सवतीवानी ठेवा लागते. एकमेकीले लागू द्याची नाही, पण घरात दोघीबी पाह्यजे."

मी गोकुळची वायर उपटली. आमची सोलली. तांब्याला तांबं पिळून टेप लावला, त्यावरून जाळीला जाळी, पुन्हा टेप. तिसरीपर्यंत शिकले मी, एवढं येतं.

खाली येऊन बॉक्स बंद करून चालू केला. बातम्या लागल्या. यांनी भिंतीकडची मान वळवली.

गोकुळ दारात आला. "आई, माहा टीव्ही काऊन गेला? मॅच चालू होती."

"मीनं वायर काढली."

"काढली? अन् बाबाले यातलं समजते का काही?"

खाटेवर डावा हात आपटला. भाव पडला होता.

"हयू बोल, तुह्या बापाले बातम्या आयकू दे," मी म्हणाले. "मॅच पाहाची असंल तं धम्मरत्नाले बोलाव, दोन टीव्हीची जोडणी तो नीट करून देईन. तू हात लावू नको. या घरात पह्यली वायर तुह्या बापाची. उरली तं तुही."