हात मागे

मऊ

दुकानदाराने अल्बमच्या पानांच्या प्लास्टिक कव्हरचा पहिला नमुना काउंटरवर ठेवला आणि मी नाक मुरडलं.

"याला वास येतोय."

"नवा माल आहे ताई. वास येणारच."

नव्या मालाचा वास मला शिकवतोय. मी कव्हरं शिवते. सोफ्यांची, स्कूटरची, कपडे धुण्याच्या मशीनची. एकदा एका बाईंच्या व्यायामाच्या सायकलचं शिवलं, ती सायकल त्या कव्हरातून पुन्हा बाहेर आलीच नाही. हे असलं मऊ, लुसलुशीत, वासाचं प्लास्टिक मी हातात घेतल्याबरोबर ओळखते. दोन उन्हाळे गेले की ते घाम सोडतं. तेलकट घाम. मग आत जे असेल त्याला चिकटून बसतं आणि त्याचा रंग ओढून घेतं.

"हे नको. तिकिटं चिकटतील."

दुकानदाराने डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि हसला. "परीक्षा बघत होतो. शेवटी लेक कुणाची!"

झालं. सकाळपासून जरा कुठे डोकं थंड होतं.

लेक कुणाची ते सांगते.


कडक

दुसरा नमुना. स्वच्छ, ताठ, वाकवून सोडला की टणकन आवाज करणारा.

आमच्या घरात टपाल तिकिटांचा अल्बम बघायची एक रीत होती. बाबा टेबलाशी बसायचे. मी आणि दादा पलीकडे उभे. हात मागे. म्हणजे पाठीमागे, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून. पुढे वाकायचं नाही, तोंडाची वाफ तिकिटांवर जाते. शिंक आली तर अंगणात पळायचं. मग बाबा पान उलटायचे आणि

हात मागे.

हात मागे म्हटलं ना?

तुझा हात कुठाय?

एकदा माझा हात पुढे आला. निळ्या गलबताचं तिकीट होतं. त्याच्या कडेचे ते बारीक दाते बोटाला टोचतात की मऊ लागतात, एवढंच मला बघायचं होतं. माझं बोट पोचलंच नाही. त्याआधी बाबांचा पंजा पोचला, कानशिलात. मग कितीतरी दिवस मला अल्बम बंद. आणि दादाला त्याच आठवड्यात त्यांनी चिमटा दिला. स्टीलचा, चपट्या टोकांचा, खास तिकिटं उचलायचा. "तो जबाबदार आहे," म्हणाले.

जबाबदार! त्या चिमट्याने त्याने पुढे जन्मभर नाकातले केस उपटले.

"हे चालेल का?" दुकानदाराने विचारलं.

"प्लास्टिक चांगलं आहे. उघडं कुठून आहे?"

"वरून. पान आत सरकवायचं, हवं तेव्हा काढायचं."

"चारही बाजूंनी बंद नाही मिळत?"

त्याने भिंग परत डोळ्यावर ओढलं आणि माझ्याकडे बघितलं, जणू मीच कुठून फाटले आहे ते शोधतोय. "ताई, अल्बम बघायला असतो. त्याला कुलूप कोण लावतं?"


फोनवर

"बेबी, पोचलीस का?"

(दादाचा फोन. माझी पन्नाशी उलटली. सून आली. तरी बेबी.)

"पोचले."

"बंदच घे हां. पूर्ण बंद. नाहीतर बाबा परत काढत बसतील."

"तू ये आणि घे."

"मी इथून कसा येऊ? आणि कव्हरांतलं तुला कळतं."

"मला कव्हरांतलं कळतं. बाबांच्या औषधांतलं कळतं. बाबांचं डायपर कळतं. तुला काय कळतं रे?"

"लगेच चिडू नकोस. तिकिटांचं प्रदर्शन तोंडावर आलंय. बाबांच्या नावाने अख्खी भिंत देतायत. मंडळाचे अध्यक्ष स्वतः म्हणाले, असा संग्रह..."

"बाबांना नेणार आहेस ना तिथे?"

"त्यांना काय कळतंय आता?"

"मग भिंतीवर नाव कुणाचं लावतोस?"

"तुझं नेहमीचंच. नाकावर राग."

"आणि तुझ्या नाकात चिमटा."

फोन कापला. त्याने कापला की मी, ते सांगता येणार नाही. मीच असणार.


रिकामा

तिसरा नमुना काळ्या पाठीचा होता. काळ्यावर तिकीट उठून दिसतं. आणि काळ्यावर रिकामी जागाही उठून दिसते, म्हणून तोही नको. आमच्या अल्बमात रिकाम्या जागा वाढत चालल्या आहेत.

बाबा विसरत चालले आहेत. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग आई. आईला "अहो बाई" म्हणतात. ती म्हणते, "बोला पाहुणे." हसते. मग स्वयंपाकघरात जाते आणि बराच वेळ नळ सोडून ठेवते.

एकच गोष्ट उरली आहे. सकाळचं दूध प्यायले की अल्बम मांडीवर. आता चिमटा नाही, भिंग नाही, नुसती बोटं. नखाने तिकीट उचकटतात, जिभेवर ठेवतात आणि जिथे दिसेल तिथे चिकटवतात. औषधाच्या बाटलीवर. खिडकीच्या काचेवर. लाल टोपीवाली राणी फ्रीजवर बसली आहे, कोपरा फाटलेला, तरी थाट तोच. एकदा आईच्या दंडावर चिकटवलं, तर ती म्हणाली, "बरं झालं, आता मला पाठवा कुठेतरी लांब." सगळे हसले. मी नाही हसले.

मला राग येतो तो असा. ज्या माणसाने मला शिकवलं की बोट म्हणजे गुन्हा, तोच माणूस थुंकी लावलेल्या बोटांनी सगळा संग्रह ओरबाडतोय, आणि त्याला कुणी थोबाडीत मारत नाही. उलट सगळे हळू बोलतात. जपून वागतात. आणि हा राग मी कुणाच्या पदरात घालू? ज्याच्या घालायचा तो माणूसच जागेवर नाही. घरात त्याच्यासारखा दिसणारा एक म्हातारा बसलाय, माझ्याकडे बघून गोड हसतो आणि विचारतो, "तुम्ही कव्हरवाल्या का?"

हो. कव्हरवाल्या.

"ते कडक द्या," मी दुकानदाराला म्हटलं. "सगळ्या पानांना पुरतील एवढे. वरचं तोंड मी बंद करीन. माझ्याकडे प्लास्टिक सील करायचं मशीन आहे."

"आत हवा कोंडते हो. आणि मग त्यांना हातही लावता येणार नाही."

"तेच तर हवंय."

तो गठ्ठा बांधत होता. दोरीला गाठ मारता मारता म्हणाला, "इथेच बसायचे ते, या स्टुलावर. एकदा म्हणाले होते, तिकिटांचं खरं वेड माझ्या मुलीला आहे. मुलाला नाही."

"तुम्हाला म्हणाले?"

"मला."

"आणि मला सांगायला काय झालं होतं? तोंडाची वाफ जात होती?"

दुकानदाराने गाठ घट्ट ओढली. त्याचा काय दोष? पण मी गठ्ठा त्याच्या हातातून हिसकावून घेतला आणि दाराला असा धक्का दिला की वरची घंटी वाजतच राहिली.


सील

माझं काम घराच्या पुढच्या खोलीत चालतं. शिवणयंत्र, कापायचं टेबल, कापडाचे तागे, भिंतीला सील मशीन. पान प्लास्टिकमध्ये सरकवायचं, तोंड मशीनच्या पट्टीवर ठेवायचं, वरून दांडा दाबायचा. लाल दिवा लागतो, फस्स होतं, तोंड बंद.

दादाचं पान, फस्स. अध्यक्षांचं पान, फस्स. जबाबदार, फस्स. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

बाबा चपला ओढत आले. दूध झालं होतं, मिशीला लागलं होतं. त्यांनी टेबलावरचं एक बंद पान उचललं, स्टुलावर बसून मांडीवर घेतलं आणि कोपऱ्याला नख लावलं. नख घसरलं. किर्रर्र. पान फिरवून दुसरी कड बघितली. तिथेही नाही. तिसरी. चौथी. परत पहिली. किर्रर्र. चिडले नाहीत. ज्या घराला चारही बाजूंनी दार नाही त्या घराभोवती माणूस फिरेल तसे नुसते फिरत राहिले.

मी मान खाली घालून पुढचं पान घेतलं. ते निळ्या गलबताचं होतं. अजून उघडं. प्लास्टिकमध्ये सरकवणार, तेवढ्यात बाबांचा हात आला.

"हात मागे."

मी म्हणाले. ओरडले नाही. त्यांच्याच आवाजात म्हणाले, तसंच, दाताखालून. चाळीस वर्षं हे वाक्य माझ्या घशात बसलं होतं, आज बाहेर पडलं. आता मजा बघ, मनात म्हटलं.

बाबा उठून उभे राहिले.

हात मागे घेतले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. मान मागे खेचली, वाफ तिकिटावर जाऊ नये म्हणून. असे ताठ उभे, पायजम्याची नाडी लोंबतेय, मिशीला दूध.

ही रीत त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ही त्यांना पाठ होती. आमच्याही आधीपासून पाठ होती.

त्यांनी दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हळूच, कुजबुजत:

"झोपलेत."

"कोण झोपलंय?"

"बाबा. आतल्या खोलीत." आणि डोळे बारीक करून, "लाव पटकन हात. मी नाही सांगणार."

आजोबांना मी कधी पाहिलं नाही. त्यांच्याविषयी या माणसाने मला कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. हा अल्बम आधी कुणाचा होता, याच्या कानशिलात कुणी मारली होती, काही म्हणजे काही नाही. आणि आता सांगतोय. मुलीला नाही. कुठल्या तरी सवंगड्याला, बहिणीला, कुणाला कोण जाणे. मला जी परवानगी हवी होती ती मिळाली, पण देणाऱ्याला मी कोण तेच ठाऊक नाही. असा संताप आला की मशीनचा दांडा मोडून टाकावासा वाटला.

"लाव ना," बाबा म्हणाले. "उठतील ते."

मी अंगठा गलबतावर ठेवला.

कागद. कागदासारखा कागद. कडेचे दाते टोचत नव्हते, खूप धुतलेल्या कापडाची कड असते तसे मऊ होते. बस्स.

"एवढंच?" मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. "एवढ्यासाठी? अहो, एवढ्यासाठी मारलंत मला?"

"श्श!" बाबा घाबरले, दाराकडे बघू लागले. मग हसू आवरेना. खांदे हलायला लागले. हात मात्र अजून मागेच होते, आणि उजव्या हाताचं एक बोट पाठीमागून डोकावून मला विचारत होतं, मी पण लावू?


उसवलेलं

टाके उसवायचं ब्लेड माझ्या टेबलावर कायम असतं. मी सील केलेली पानं पुढे ओढली आणि एकेकाचं तोंड फाडायला लागले. चर्र. चर्र. राग गेला नव्हता. फक्त त्याला आता हाताला काम मिळालं होतं.

फोन वाजला. दादा. मी स्पीकर लावून फोन टेबलावर टाकला.

"बेबी, झाली का सगळी बंद?"

मी ब्लेड चालवत होते. बाबा शेजारच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी गलबत नखाने अलगद सोडवलं, जिभेवर ठेवलं. मी थांबवू शकले असते. संग्रहातलं सगळ्यात चांगलं तिकीट. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी "हात" एवढाही शब्द काढला नाही.

"हॅलो? बेबी? अध्यक्षांचा माणूस परवा अल्बम न्यायला येतोय."

बाबांनी गलबत फोनच्या काचेवर ठेवलं, बरोबर जिथे दादाचं नाव दिसत होतं तिथे. कड कडेला जुळवली. अंगठ्याने दाबलं. जुन्या शिस्तीत, दाते न मोडता.

"त्याला येऊ नको म्हणावं," मी म्हणाले. "अल्बम इथे बघितला जातोय."

"म्हणजे? हा कसला आवाज येतोय? तू फाडतेयस का काही? हे बघ बेबी, तिकिटांना हात..."

"हात मागे, दादा," मी म्हणाले आणि पुढचं पान ओढलं.