गोलामागची माणसं

मैदानावरचं बोलणं मैदानावरच राहतं, असं आपण सगळेच धरून चालतो. उंद्रीचा कडूबाही तेच समजत होता.

कडूबा खताच्या दुकानात कामाला होता आणि गावच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होता. उंची बेताचीच, पण तोंड भारी. समोरचा पेनल्टी मारायला आला की हा बुटाची लेस सोडून पुन्हा बांधणार, पंचाला बॉलची हवा तपासायला लावणार आणि मधेच असं काही बोलणार की मारणाऱ्याचं चित्त उडालंच पाहिजे. गोलामागच्या परगावच्या प्रेक्षकांशी तर त्याची मॅचभर जुंपायची. ते शिव्या घालत, हा त्यांना हसवी, आणि थोड्या वेळानं तेच त्याच्यावर खूश होत. शाळेतून निवृत्त झालेले त्याचे कोच शेषराव सर हे सगळं कौतुकानं पाहत.

गेल्या डिसेंबरात संग्रामपूरला फायनल होती, तीही संग्रामपूरशीच. उंद्री एका गोलानं पुढे होती. शेवटच्या मिनिटांत संग्रामपूरला पेनल्टी मिळाली. मारायला आला प्रसेनजित, त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू. त्याच्या बहिणीचं, धम्मशीलाचं, लग्न ऐन मांडवात मोडल्याचं कडूबाला गोलामागच्या लोकांनीच थोड्या वेळापूर्वी सांगितलं होतं. आपल्याच गावच्या मुलीबद्दल ते खिदळत सांगत होते.

कडूबा दोन पावलं पुढे आला आणि मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बहिणीची वरात वापस गेली ना बे तुह्या? हा बॉलही वापस जाते पाय."

गोलामागे हशा उसळला. हसणारे संग्रामपूरचेच होते. प्रसेनजितचा पाय बॉलला नीट लागलाच नाही. कडूबानं तो सहज अडवला, उंद्री जिंकली आणि कोणीतरी काढलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावोगावच्या मोबाईलवर पोचला.

दुकानात गिऱ्हाइकं खत मागण्याआधी तो व्हिडिओ मागू लागली. शेषराव सर मात्र आठ दिवस फिरकले नाहीत. आले ते बातमी घेऊन. प्रसेनजितनं खेळणं सोडलं होतं. धम्मशीला सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती बाळांना लस द्यायला वस्तीत गेली, की टवाळखोर मागून 'वापस, वापस' ओरडत होते.

कडूबानं हात झटकले. समोरच्याचं डोकं फिरवायला तुम्हीच शिकवलं, असं तो सरांना म्हणाला.

"हो, म्याच शिकवलं," सर म्हणाले. "त्याच्या पायाबद्दल बोल, त्याच्या नेमाबद्दल बोल. तो मैदानात उभा आहे, त्याले जवाब देता येते. त्या पोरीनं तुह्यावर कोणता गोल मारला होता? अन् वरात वापस गेली नव्हती, तिनं धाडली. नवरदेव पिऊन आला, त्यानं तिच्या बापावर हात उचलला. चारशे लोकांसमोर पोरगी नाही म्हणाली. तुह्यात आहे काय एवढी हिंमत?"

सुट्टीच्या दिवशी कडूबा संग्रामपूरला गेला. बसस्टँडवर चार-पाच जणांनी त्याला ओळखलं. गळ्यात हात टाकले, चहा पाजला आणि एक जण म्हणाला, "भाऊ, तो डायलॉग एकदा मारा ना."

हातातला चहा त्याला कडू लागला. तो माफी मागायला आला होता, आणि त्या मुलीच्या गावात त्याचा सत्कार होऊन राहिला होता!

धम्मशीला दवाखान्यात रजिस्टर भरत होती. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इथं खोलीत माफी मांगून तुमचं मन हलकं होईन. माह्यं काय होईन? जिथं बोलले, तिथं बोला."

फेब्रुवारीत त्याच मैदानावर पुन्हा मॅच होती. सुरू होण्याआधी कडूबा गोलामागे गेला. बोलू लागला तेव्हा लोक आधी हसले. नवीन गंमत असेल असं त्यांना वाटलं. वरात तिनं परत धाडली, मी एका चांगल्या मुलीची बदनामी केली, आणि हसून तुम्हीही केली, एवढं त्यानं सांगितलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. पाण्याची पाकिटं अंगावर आली. मॅचभर त्याच्या आईचा उद्धार चालला. तो एक शब्द बोलला नाही. त्यानं तीन गोल खाल्ले.

गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ उठले, त्याच्याकडे क्षणभर पाहून निघून गेले. ते धम्मशीलाचे वडील माणिकराव, असं सरांनी नंतर सांगितलं. धम्मशीलानं तोवर दुसऱ्या तालुक्यात बदली मागून घेतली होती. कडूबाची माफी तिच्यापर्यंत पोचली की नाही, कोणास ठाऊक. त्या माफीचा व्हिडिओ कोणीही पुढे पाठवला नाही.

कडूबा अजून खेळतो, पेनल्टीच्या वेळी अजून लेस बांधत बसतो. पण जो मैदानात नाही त्याचं नाव तो तोंडी आणत नाही, आणि दुसऱ्याला आणू देत नाही. वाचकहो, प्रतिस्पर्ध्याला डिवचणं खेळात चालतही असेल. पण कोणाच्या घरातली अब्रू पणाला लावून मिळवलेली जीत, जीत नसते. अशा वेळी बोलणारा एक असतो, त्याला बळ देणारे शंभर असतात. उद्या आपण त्या शंभरांत बसलेले असू, तेव्हा हसू आवरणं तरी आपल्या हातात आहे.