शेंदूर लागलेली भिंत

मी एक जुनी भिंत आहे. जुनी म्हणजे वर्षभराचीच, पण मोबाइलमधल्या खेळात वर्ष काढलं की म्हातारपणच येतं. मित्रांनो, उड्या मारत पुढे जायचे खेळ तुम्ही खेळला असालच. खड्डे ओलांडायचे, काट्यांवरून उडायचं, नाणी गोळा करायची. अशा खेळात कुठेतरी एखादी तडा गेलेली भिंत असते. तिला धडक दिली की ती फुटते आणि मागे लपवलेली खोली सापडते. मी त्यांच्यातलीच. फुटण्यासाठीच माझा जन्म झाला, आणि मला कुणी फोडेना!

मला घडवलं उंद्री गावच्या संजीवनीने. ती संगणकाचं शिकली आणि धाकट्या बहिणीसाठी, राखीसाठी, तिने हा खेळ तयार केला. खेळात लाल झग्यातली एक मुलगी आहे. तिला उडी मारता येते, लाथ मारता येते आणि डोक्याने धडक देता येते. अगदी शेवटच्या टप्प्यात संजीवनीने मला उभं केलं, माझ्यामागे एक छोटी खोली केली आणि त्या खोलीत स्वतःचा आवाज ठेवला. तिला नाशिकला नोकरी लागली होती. राखीला न उठवताच ती पहाटेच्या गाडीने जाणार होती, आणि असं का, ते तिने तिथे सांगून ठेवलं होतं. माझ्या मातकट रंगावर तडा काही दिसेना. म्हणून तिने त्यावर केशरी रंगाचा जाडसर थर दिला. राखीचं लक्ष जावं, एवढाच तिचा हेतू होता. तिथेच सगळा घोळ झाला.

सकाळी ताई दिसली नाही तेव्हा राखीने घर डोक्यावर घेतलं. मग ती रुसली ती रुसलीच. ताईचा फोन आला की ही अंगणात निघून जायची. तिचा राग ताईवर होता, ताईच्या खेळावर मात्र नव्हता. वडिलांच्या, म्हणजे रंगरावांच्या फोनमध्ये तो खेळ होता आणि शाळेतून आली की ती तो घेऊन बसायची. पहिल्यांदा माझ्यापर्यंत पोचली तेव्हा मला कोण आनंद झाला! आता लाथ बसणार, म्हणून मी तयार झाले. पण राखी थबकली. तिने फोन मांडीवर ठेवला आणि चक्क हात जोडले.

केशरी थर पाहून तिला तो शेंदूर वाटला होता. गावच्या पोरीला दुसरं काय वाटणार? शेंदूर लावलेला दगड दिसला की पाय लावायचा नसतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मैत्रिणी खेळायला आल्या की ती त्यांनाही बजावायची, "याले लाथ नोको मारू बरं, देव हाये तो."

झालं! त्या दिवसापासून मी देव झाले. सगळ्या जणी मला नमस्कार करायच्या आणि शेजारच्या फळीवरून उडी मारून पुढे जायच्या. मान भरपूर मिळाला, पण जवळ कुणी आलं नाही. मित्रांनो, असलं एकटेपण फार वाईट असतं.

मी फोनच्या पोटात राहते, त्यामुळे फोनवरची बोलणी मला ऐकू येतात. सुरुवातीला संजीवनी दर रविवारी विचारायची, "बाबा, राखी तो खेळ खेयते का?"

"रोज खेयते."

"शेवटपर्यंत?"

"हाव, पार शेवटपर्यंत जाते."

मग संजीवनी दुसराच विषय काढायची. तिला वाटायचं, राखीने सगळं ऐकलं आणि तरीही तिचा राग गेला नाही. हळूहळू तिने राखीबद्दल विचारणंच सोडून दिलं. दोघी बहिणींच्या मध्ये मी उभी होते आणि मला तोंड नव्हतं. त्या दिवसांत मला माझाच फार राग यायचा.

पुढे सोयाबीनच्या हंगामात रंगरावांचा फोन भरला. बाजारभावाचे आलेले फोटो उघडेनात. ते म्हणाले, "राखे, तो खेळ काढून टाक वं. फोनमंदी जागाच नाही राह्यली."

खेळ गेला असता तर मी गेले असते, आणि माझ्याबरोबर तो आवाजही.

राखी म्हणाली, "पण बाबा, याच्यात देव हाये. देवाले कसं काढू?"

रंगराव हसले नाहीत. गावच्या मारुतीला दर शनिवारी तेल-शेंदूर लावायचं काम त्यांच्याकडेच आहे. ते म्हणाले, "मंग डोकं टेकव, आन् मंग काढ."

खेळातल्या मुलीला डोकं टेकवता येत नव्हतं, धडक देता येत होती. राखीने तेच बटण दाबलं. माझा एक मोठा टवका खाली पडला. राखी रडवेली झाली. "बाबा, देव फुटला!"

रंगरावांनी चष्मा लावून फोन जवळ घेतला. "अवं, फुटला नाही. देवानं खोळ सोडली. शेंदराचे थर लई झाले का देव तो थर टाकून देते. मागच्या साली आपल्या मारोतीनं नाही का टाकली? देव आतमंदी रायते. भेव नोको, टेकव अजून."

राखीने पुन्हा डोकं टेकवलं, आणि मी कोसळले. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आत देव नव्हता. आतून संजीवनी बोलली, "राखे, तू झोपेली होती. तुले उठवलं असतं तं मी गेलीच नसती. म्हणून न बोलता चालली. माह्यावर रागावू नोको वं."

राखीने तो आवाज पुन्हा एकदा ऐकला. मग तिने खेळ बंद केला आणि वडिलांच्याच फोनवरून नाशिकला फोन लावला. घंटी वाजली. पलीकडून आवाज आला, "हां, बाबा, बोला."

"बाबा नाही, ताई. मी राखी हाव."

पुढे दोघी रडत रडतच बोलत राहिल्या.

रंगरावांनी खेळ काढला नाही, जुने फोटो पुसून टाकले. पण आता संध्याकाळी फोन बोलण्यातच गुंतलेला असतो आणि माझे तुकडे खोलीच्या दारात पडून असतात. करमत नाही, पण तक्रार नाही. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत कुणी गप्प होऊन उभं असेल, तर त्याला लांबूनच हात जोडून निघून जाऊ नका. जवळ जा आणि त्याला हाक मारा. वर्षभर थांबायला सगळेच काही भिंती नसतात.