धुतलेला पट्टा

निघोज्यातल्या त्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या, कारखान्यात गंज काढायला लोखंडी नळ्यांचे गठ्ठे क्रेनने उचलून अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवत. गठ्ठ्याला पट्टा बांधायचं काम दत्तोबांचं. गावातलेच, पन्नाशी ओलांडलेले. साखळ्यांनी नळ्यांना ओरखडे पडतात म्हणून मार्चमध्ये नायलॉनचे नवे पट्टे आले.

लॅबमधल्या दिपालीने ते पाहिले तेव्हाच ती दत्तोबांना म्हणाली होती, "नायलॉनला अ‍ॅसिड सोसत नाही हो. त्याचे रेणू कड्या जोडल्यासारखे लांबच लांब असतात. अ‍ॅसिड नेमका तो जोड तोडतं. वरून पट्टा धडधाकट दिसतो, पण जोर जातो."

"मंग रोज धुतो की, म्याडम."

"धुवा. पण इथं पॉलिएस्टरचेच पट्टे पाहिजेत. मी सरांना सांगते."

तिने कॅन्टीनच्या रांगेत मॅनेजर निरंजन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." लेखी काही दिलं नाही तिने. पुन्हा विचारलंही नाही.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी अकराला पट्टा तुटला. गठ्ठा दत्तोबांच्या छातीवर आला. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

दिपालीने तुटलेल्या पट्ट्याची वीतभर पट्टी कापून पाण्यात भिजवली. त्या पाण्यात निळा लिटमस लाल झाला. दुसरी पट्टी मशीनवर ताणली, तर जेवढा ताण सोसायला हवा त्याच्या पाव ताणालाच ती फाटली.

निरंजन सर लॅबमध्ये आले. दार लोटून म्हणाले, "वजन जास्त होतं असं लिहा. दत्तोबांनी दोन गठ्ठे एकत्र बांधले होते."

"एकच होता, सर."

"कोण सांगतंय?"

दिपालीने दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. क्रेन चालवणारा ज्योतीराम तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी कारखाना निरीक्षक आले. दिपालीने आपला रिपोर्ट आणि उरलेली पट्टी त्यांच्या हातात दिली. मग ज्योतीरामही पुढे आला. "गठ्ठा एकच होता, साहेब," एवढंच बोलला. कंपनीला नोटीस मिळाली. आठवड्यात पॉलिएस्टरचे पट्टे आले. दिपालीला एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

तेरावं झाल्यावर ती दत्तोबांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोने, ठकुबाईंनी, तिला चहा दिला.

"तुमी खरं लिवलं म्हनं. साहेब तर म्हनत व्हते, त्येंचीच चूक. म्या म्हनलं, न्हाई, त्ये असं करायचे न्हाईत."

दिपालीला चहा पिऊन निघता आलं असतं.

"काकू, पट्टा कमजोर होणार हे मला आधीच माहीत होतं. सरांना एकदा सांगितलं. मग गप्प बसले."

ठकुबाई म्हणाल्या, "ह्यास्नी ठावं व्हतं?"

"हो. ते रोज पट्टा धूत होते."

"आन तरी त्याच्याखाली हुबं ऱ्हात व्हते."

"हो."

ठकुबाई उठल्या. दिपालीच्या पुढचा भरलेला कप उचलून आत गेल्या. दिपाली थांबली. आतून भांड्याचाही आवाज येईना. शेवटी ती उठली आणि चप्पल घालून बाहेर पडली.