साक्षीची खुंटी

आमच्या रस्तामोजणीच्या ऑफिसात एक बोलणं होतं: कागद चुकतो, खुंटी चुकत नाही. वहीतलं माप आणि जमिनीवरचं माप जुळलं नाही, तर वही खोडायची, खुंटीला हात लावायचा नाही. मी तिथं नोकरीला लागलो तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत हेच ऐकलं.

माझं काम खुंट्या ठोकायचं आणि टेपचं टोक धरायचं. सगळे मला हातोडा म्हणत. खिशाला पेन लावून जायचो. त्या पेनानं मी कधी काही लिहिलं नाही, कारण मला लिहिता येत नव्हतं, आणि वाचताही येत नव्हतं. आकडे तेवढे ओळखायचो. पगाराच्या कागदावरची सही म्हणजे पाठ केलेलं एक चित्र होतं. हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं आणि माझ्या ताईलाही नव्हतं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं होतं. कामासाठी बाहेर पडलो आणि काही वर्षांनी पेन लावून परत आलो, तेव्हा तिनं समजून घेतलं की धाकटा शिकला. मी काही बोललो नाही. एकदा गप्प बसलं की पुढचं खोटं आपोआप वाढत जातं, त्याला खतपाणी लागत नाही.

त्या वर्षांत शहराच्या कडेला वसाहतींचं पेव फुटलं होतं. प्रत्येक वसाहतीची आपली गल्ली, आणि सगळ्या गल्ल्या एकाच जुन्या अरुंद वाटेवर येऊन पडायच्या. सकाळी तिथं गाड्या एकमेकींच्या पाठीला चिकटून उभ्या असत. मोठे साहेब आम्हाला समजावून सांगत, गल्ली म्हणजे ओहोळ आणि हमरस्ता म्हणजे नदी. मध्ये ओढा नसेल तर पाणी घराघरात शिरणार. असे तीन जोडरस्ते नकाशावर काढले होते, प्रत्येकी अठरा मीटर रुंद. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना नऊ नऊ मीटर. मलाही ते पटलं होतं. फक्त दुसऱ्या जोडरस्त्याची रेषा ताईच्या घराजवळून जाणार होती, आणि नेमकी कुठून, ते ठरायचं होतं.

ताईचं घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पुढचं दार आणि मागचं दार समोरासमोर. मेहुणे गेल्यापासून ती पुढच्या खोलीत मशीनवर पडदे शिवायची. वसाहतींतल्या नव्या खिडक्यांनी तिला चांगलं काम दिलं होतं. त्यावरच तिचं आणि माझ्या भाचीचं चाललं होतं. घर गेलं तर मशीन कुठं मांडणार, हा प्रश्न मी झोपेतही सोडवत असे.

मोजणी तिच्या भागात पोचली आणि मला ताप आला. चार दिवस अंथरुणावर होतो. त्या चार दिवसांत, रेषा जरा वाकवणार, कुणा बिल्डरनं साहेबांची भेट घेतली, असं कानावर येत होतं. पाचव्या दिवशी उठलो तो थेट ताईकडे गेलो. मागच्या अंगणात, भिंतीपासून तीन पावलांवर, लाल डोक्याची खुंटी उभी होती. लाल डोकं म्हणजे रस्त्याची मधली रेषा. मी वाकून बघितलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. रेषेवर जिथं खुंटी टिकण्यासारखी नसते, तिथं ती बाजूला, कुणी उपटणार नाही अशा जागी ठोकतात आणि तिच्यावर लिहितात की रेषा इथून अमुक दिशेला अमुक मीटर. तिला साक्षीची खुंटी म्हणतात. रंग तोच असतो, फरक फक्त अक्षरांचा. अशा कितीतरी खुंट्या मी ठोकल्या होत्या, पण मोजणीदार तोंडानं सांगायचे आणि मी ठोकायचो. वाचायची वेळ कधी आलीच नव्हती.

त्या खुंटीवर वीसचा आकडा होता, आणि त्याच्या आजूबाजूला अक्षरं. मला वाटलं खुंटीचा नंबर असेल. साक्षीची असेल का, हा विचार मनात आला नाही असं नाही, आला. भाची पायरीवर बसून शाळेचा धडा गिरवत होती. तिला नुसतं म्हणायचं होतं, बाळा, हे वाच जरा. पण मामा ऑफिसात लिहिण्यावाचण्याचं काम करतो, असं ती वर्गात सांगायची. मी खिशाचं पेन सरळ केलं आणि आत गेलो.

ताई खुशीत होती. रस्ता झाला की बरं होईल, म्हणाली. मला तिची कीव आली. हिला अजून काही कळलेलं नाही, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे सावलीला लवंडले असताना, मी मागच्या बाजूनं अंगणात गेलो. खुंटी हलवून हलवून सैल केली, होती तिथून आणखी बारा पावलं घरापासून लांब नेली, ठोकली आणि जुनं भोक मातीनं दाबलं. अकरा वर्षांच्या नोकरीत ठोकलेली सगळ्यात सरळ खुंटी असेल ती.

दोन महिन्यांनी मोजणीदारांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेले तरुण आणि काटेकोर होते. तोवर घरापुढच्या मोकळ्या जागेत मातीच्या गाड्या फिरून रेषेवरच्या खुंट्या गाडल्या गेल्या होत्या. त्या बाजूला टिकलेली खुंटी एकच, ताईच्या अंगणातली. नव्या मोजणीदारांनी कोपऱ्यातल्या हद्दीच्या दगडापासून तिचं अंतर मोजलं आणि वही पाहिली. नऊ मीटरचा फरक होता. त्यांनी मला विचारलं,

"ही खुंटी कुणी हलवली का?"

"नाही साहेब. जागची आहे."

"तुम्ही ठोकलीत?"

"माझ्या हातची आहे."

हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. त्यांनी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, आधीच्यांचा आकडा चुकला असणार, कागद चुकतो, खुंटी चुकत नाही. वहीतला आकडा खोडून त्यांनी नवा घातला. त्या दिवशी मी जिलेबी वाटायची तेवढी बाकी होती.

नकाशा मंजूर व्हायला वर्ष गेलं. मग रेषा जमिनीवर आखायची वेळ आली. सकाळी आम्ही ताईच्या अंगणात पोचलो. मी टेपचं मूळ खुंटीवर धरलं आणि मोजणीदार टोक घेऊन निघाले. ते घराच्या दिशेनं चाललेले पाहून मी विचारलं, तिकडे कुठं? ते चालता चालताच म्हणाले,

"पश्चिमेला वीस. खुंटीवर लिहिलंय की, हातोडे."

टेप मागच्या दारातून आत गेली. ताईनं मशीनवरचा पडदा उचलून धरला, म्हणजे टेप अडकायला नको. पायाला लागेल म्हणून स्टूल बाजूला केलं. पुढच्या दारातून टेप बाहेर पडली आणि पायरीच्या पुढं दोन मीटरवर थांबली. तिथं त्यांनी चुन्याची खूण केली. नऊ मीटर पलीकडे, नऊ मीटर अलीकडे. अलीकडची खूण मागच्या भिंतीला येऊन भिडली. पुढच्या पायरीपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं घर मध्ये.

टेपचं मूळ धरूनच मी मनात हिशेब केला. बारा पावलं म्हणजे नऊ मीटर. खुंटी जागेवर असती तर रस्ता पुढच्या दारासमोरून, दोन मीटर सोडून गेला असता. मी खुंटी घरापासून लांब नेली, आणि माझ्यामागून रस्ता घरात आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुपारी मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. वाचता येत नाही, हेसुद्धा. ते सांगताना नोकरी जाईल याची भीती वाटली नाही, त्या वाक्याचीच वाटली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी नकाशा पसरला आणि जुन्या रेषेवर बोट ठेवलं. नवा नकाशा जाहीर झाल्यावर ती जागा मोकळी समजून तिथं इमारतीला परवानगी दिली होती. पाया भरून झाला होता, घरं विकली गेली होती. पस्तीस कुटुंबं, म्हणाले. एका घरासाठी पस्तीस घरं उठवता येतात का, तुम्हीच सांगा. हरकतींची मुदतही केव्हाच संपली होती. मग ते हळू आवाजात म्हणाले की सरकारी खुंटी हलवणं हा गुन्हा आहे, तुम्ही बोललात आणि मी ऐकलं नाही. घरी जा.

नोकरीसुद्धा गेली नाही. गेली असती तर थोडं तरी फिटलं असतं.

ताईला मी सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता सामान बांधायचा दिवस आला. तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली होती. चौथा मजला चढून पडदे शिवायला कोण येणार, हे तिलाही कळत होतं. मी मशीन सोडवत होतो. ती कापड गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"तू खुंटी सरकवलीस ना, तेव्हाच मला कळलं होतं."

मी पाना पुढच्या नटाला लावला.

"पहिल्या दिवशी मी वाचलं होतं तिच्यावरचं. पश्चिमेला वीस. म्हटलं, रस्ता दारासमोर येतोय. पुढच्या भिंतीला मोठी खिडकी पाडायची, पडदे लावून ठेवायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील. सुताराशी बोलूनही ठेवलं होतं. मग तू आलास, तिच्याकडे वाकून बघितलंस, आणि दुसऱ्या दिवशी सरकवलीस. मी स्वयंपाकघरातून बघत होते."

मला विचारायचं होतं की तू हाक का मारली नाहीस. विचारावं लागलं नाही.

"म्हटलं, हा वाचून, समजून करतोय. ऑफिसनं सांगितलं असणार. वरून हुकूम आला तर तू तरी काय करणार? मला सांगायला तोंड झालं नसेल तुला. मी मनाला लावून घेतलं नाही, धाकट्या. तूही घेऊ नकोस."

म्हणजे वर्षभर तिनं मला माफ केलेलं होतं, आणि तेही मी न केलेल्या गुन्ह्याबद्दल. केलेला गुन्हा मी तिथंच बोलून टाकायला हवा होता. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, की ताई, हा नट गंजलाय, तेल आहे का?

तिनं तेल दिलं.

चौथ्या मजल्यावर ती तीन वर्षं राहिली. कामं येत नव्हती, मग डोळे अधू झाले, मग मशीनवर चादर पडली. ती गेल्यावर मी भाचीला खरं सांगितलं, पण अर्धंच: मला वाचता येत नाही. तिला हसू आलं नाही. दर रविवारी पाटी घेऊन ती माझ्यासमोर बसायला लागली. तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. कशासाठी शिकायचंय मामा, असं तिनं एकदाच विचारलं. मी म्हटलं, असंच.

पुढं ती खोली आवरताना पलंगाखाली ताईच्या सामानात ती खुंटी निघाली. सरकारी वस्तू, भावाच्या ऑफिसची, म्हणून तिनं घर सोडताना ती आणून जपून ठेवली होती. लाल रंग उडाला होता, अक्षरं शाबूत होती. बोट ठेवत ठेवत मी ती वाचली. रे-षा. प-श्चि-मे-ला. वीस. आधार न घेता वाचलेलं ते माझं पहिलं वाक्य.

भाचीनं शेजारून विचारलं, बरोबर वाचलंत, पण हे काय आहे?

जोडरस्त्यावरून आता गाड्या कुठंही न अडकता जातात. आमच्या साहेबांचा ओढा बरोबर होता. बस तिथून जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसतो. ती जागा कुठली, हे दाखवणारं तिथं काही उरलेलं नाही. खुंटी माझ्याकडे आहे, आणि भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.