आईचे अठरा तास

विमानतळावर माझ्या बायकोने, ओंदिनाने, मी मागे काय खाईन, काय पिईन याची एका शब्दाने चौकशी केली नाही. म्हणाली, "एल्बिओ, आईला फुलू देऊ नकोस. मी येईपर्यंत सांभाळ." एवढं बोलून ती समुद्रापलीकडे व्हॅलेन्सियाला गेली, आमच्या मुलीची, लुर्देसची जुळी सांभाळायला. तीन महिन्यांसाठी. त्याला आता चौदा महिने झाले.

आई म्हणजे आमच्या धुण्याच्या खोलीतलं गांजाचं झाड, आमच्या देशात कायद्याने चालतं तसं टपाल कचेरीत माझ्याच नावावर नोंदलेलं. ओंदिनाने ते नऊ वर्षं जगवलं होतं. रोज अठरा तास दिवा दिला की झाडाला वाटतं अजून उन्हाळाच आहे, आणि ते नुसती पानं काढत राहतं. त्याच्या फांद्या छाटून ओंदिना कलमं करायची, ती कलमं फुलवायची, आणि त्या फुलांचं मलम आमच्या अर्ध्या मिनास गावाच्या गुडघ्यांना लागायचं. आईला मात्र फुलू द्यायचं नाही. ती फुलली की संपली.

मी जन्मभर पाव भाजले. झाडापानांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण मनाशी एक धरून बसलो होतो, की आई आहे तोवर ओंदिनाला परत यावंच लागेल. वेडेपणा म्हणा. होताच वेडेपणा.

फेब्रुवारीत शेजारची निबिया भिंतीवरून ओरडली, "एल्बिओ, मलमाची डबी संपली. तुझी बायको पळाली, त्यात माझ्या गुडघ्यांनी काय पाप केलं?"

"पळाली नाही. नातवंडांकडे गेलीय."

"हो, हो. माझा नवरापण कोपऱ्यावर सिगारेट आणायलाच गेला होता."

मी इरेला पेटलो. ओंदिनाने फोनवर सांगितलं तशी ताज्या ब्लेडने तिरका काप घेऊन पाच कलमं काढली. दोन सडली, तीनांनी मुळं धरली. आता त्यांना फुलवायचं तर उलटा कारभार, रोज बारा तास मिट्ट काळोख हवा. अंगणात ठेवायची सोय नव्हती, कारण आदल्या वर्षी कुणीतरी भिंत चढून झाडं मुळासकट नेली होती. मग मी ती धुण्याच्या खोलीतच आईच्या पायाशी मांडली आणि दिव्याचं घड्याळ बारा तासांवर आणलं. पोरं आईजवळ असलेली बरी, असं मला वाटलं. ओंदिनाला यातलं काही विचारलं नाही. दर वेळी काय विचारायचं?

दोन आठवड्यांनी आदेमार आला. भट्टीवर आम्ही तीस वर्षं बरोबर होतो, आणि त्याच्या घरीही सहा झाडं आहेत. त्याने आईची एक फांदी वाकवली. बेचक्यात दोन पांढरे केस होते, पापणीच्या केसांएवढे.

"गाढवा, आईला पोरांबरोबर झोपवलंस? ही फुलायला निघाली."

मी उपड्या पाटीवर बसलो. "मग आता?"

"आता जागव. हिला वेगळा दिवा, वेगळी खोली. अठरा तास म्हणजे अठरा."

वेगळी खोली म्हणजे स्वयंपाकघर, दुसरी आणायची कुठून? पहाटे चारला उठायची खोड पाववाल्याची जात नाही. तेव्हा चार ते सात आई स्वयंपाकघराच्या टेबलावर, माझ्यासमोर, दिव्याखाली. सातला तिला उचलून पोरांत नेऊन ठेवायची. संध्याकाळी सातला पोरांवर अंधार करून आईला परत टेबलावर आणायची, ती दहापर्यंत. कुंडी पंधरा किलोची, माझी कंबर सहासष्ट वर्षं वापरलेली. निबिया खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "काय, आज बाईसाहेब जेवल्या का?"

जेवत नव्हती, पण ऐकून घ्यायची. येर्बाचा कडू चहा पिताना समोर कुणी नसलं की मला घोट उतरत नाही. चाळीस वर्षं एकाच वाडग्यातून, एकाच नळीने दोघं प्यायलो, एकट्याने पिणं म्हणजे औषध. तिच्यासमोर बसलो की जरा बरं वाटायचं. महिन्याभरात पांढरे केस वाळून गेले. आधी वेडीवाकडी, एकेकट्या पात्याची पानं आली, मग नेहमीची.

मे महिन्यात पोरं कापली, वाळवली, मलम केलं, निबियाची डबी भरली. आता आई धुण्याच्या खोलीत अठरा तास सुखाने राहिली असती. मी नेली नाही.

ओंदिनाचा फोन रविवारी पहाटे पाचला येतो. तिकडे दहा वाजलेले असतात आणि जुळी बागेत खेळत असतात. त्या रविवारी ती आढेवेढे घेत बोलत होती. लुर्देसची रात्रपाळी लागली होती. पोरांना शाळेत घालायचं होतं. ओंदिनाने स्वतःचेही तिथे राहायचे कागद सरकारात दिले होते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं तरी." मग म्हणाली, "म्हाताऱ्या, आईला फुलू दे आता. उगाच किती जागवायची तिला? तुलापण त्रास."

"बरं," मी म्हणालो. मला राग आला होता. बरं म्हणायचं नव्हतं, पण राग आला की माझ्या तोंडून 'बरं' एवढंच निघतं.

त्या संध्याकाळी दिव्याच्या खटक्यावर बोट ठेवून मी उभा राहिलो. नाही झालं माझ्याच्याने. दुसऱ्या दिवशीही नाही.

चार रविवार तिने विषय काढला नाही. पाचव्या रविवारी विचारलं, "फुलली का रे?"

"फुलली," मी म्हणालो. आई समोर हिरवीगार बसली होती. "खूप फुलली. घरभर वास आहे. उद्या-परवा कापेन."

पलीकडून पोरांचा गलका ऐकू येत राहिला.

"मला वाटलं होतं तू ऐकणार नाहीस," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत माझं एक ऐकलं नाहीस, एल्बिओ. नेमकं हेच ऐकलंस?"

आवाज ओला होता. मी कॅमेरा कधी लावत नाही, कोपऱ्यात आपलंच थोबाड दिसत राहतं. त्या दिवशी लावला आणि फोन टेबलाकडे वळवला. दिवा, आई, येर्बाचा वाडगा, सगळं दिसेल असा.

तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन एकेक फांदी बघितली.

"लबाड आहेस," ती म्हणाली आणि नाक पुसलं. मग म्हणाली, "तरी मला येता येणार नाही रे."

"ठाऊक आहे."

"दोन वर्षं म्हणजे दोनच असं नाही."

"ठाऊक आहे म्हटलं ना." मी खटक्याकडे हात नेला. "मग बंद करू का दिवा?"

"हात तर लावून बघ," ओंदिना म्हणाली.