वरीलप्रमाणे

सचिवसरांच्या टेबलाच्या खणात एक पत्र आठ महिने पडून होतं. डायलिसिस केंद्रात पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट ज्यांनी बसवला, त्या मिस्त्रींचं. ते आता निवृत्त होऊन लेकीच्या गावी राहत होते; जाण्यापूर्वी त्यांनी प्लांटची नोंदवही चाळली होती. पत्रात तीनच वाक्यं होती : "सर, नोंदवहीत 'वरीलप्रमाणे' लिहू देऊ नका. रोज आकडा लिहायला सांगा. राग नसावा."

राग आला नव्हता, पण बोचलं होतं. कारण तो नियम सरांचाच! तीस वर्षं त्यांनी मुलांच्या निबंधांतली पुनरुक्ती लाल शाईने खोडली होती. केंद्राचे सचिव झाल्यावर प्लांटची वही उघडली, तर तिथेही रोज तेच ते. त्यांनी सुधारणा केली : कालच्यासारखंच असेल, तर नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहावं. मिस्त्रींना काय उत्तर द्यावं ते सुचेना, म्हणून त्यांनी उत्तरच दिलं नाही.

त्या सोमवारी सकाळी सर आपल्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, डायलिसिससाठी घेऊन आले. मध्ये दोन दिवस गेल्याने अक्कांचे पाय सुजले होते, दोन पायऱ्यांत दम लागत होता. त्या खाटेवर टेकतात न टेकतात तोच प्लांटच्या खोलीतून टाकीताई धावत आल्या. प्लांट चालवणाऱ्या बाईंना सगळे याच नावाने हाक मारत. पंधरा दिवसांच्या रजेवरून त्या आजच परतल्या होत्या.

"कुणालाही मशीनला जोडू नका!"

त्यांच्या हातात काचेची नळी होती. तिच्यातलं पाणी फिकट गुलाबी दिसत होतं.

"सर, कोळशाच्या दोन्ही टाक्यांतून गेलेलं पाणी आहे हे. तपासणीची गोळी टाकल्यावर रंग यायलाच नको होता. क्लोरीन निसटतंय."

"फिकट तर आहे," सर चाचरत म्हणाले. "पुढे आरओचा पडदा आहे ना?"

"पडदा क्षार अडवतो, सर. क्लोरीन अडवायचं ते कोळशाने. पडद्यालाच उलट ते खाऊन टाकतं. आणि हे पाणी पुढे माणसाच्या रक्ताशेजारून वाहणार. रक्तपेशी फुटतात त्याने!"

"पण अक्काकडे बघा हो जरा! शनिवारी किती होतं, ते तरी पाहू."

वही आली. शनिवार : वरीलप्रमाणे. शुक्रवार : वरीलप्रमाणे. सरांचं बोट वर वर सरकत गेलं. पानं उलटली. शेवटी पहिल्या पानाची पहिली ओळ आली. तिथे लिहिलं होतं : 'मागील वहीप्रमाणे'!

सरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"खोटं कुणीच लिहिलेलं नाही," टाकीताई हळू आवाजात म्हणाल्या. "मीसुद्धा हेच लिहीत आले. रंग चढतो तो केसाएवढा. रोज बघणाऱ्याला आजचा कालच्यासारखाच दिसतो. मी पंधरा दिवसांनी बघितलं म्हणून दचकले. रजा घेतली नसती, तर आजही 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळी झाले असते."

अक्कांना तशाही अवस्थेत हसू आलं. "अरे, तू रोज वाढायचास, पण आईला कळायचं चड्डी आखूड झाल्यावर! तसंच हे."

"अक्का, थट्टा कसली करतेस? तू थांबणार कशी?"

"बसून! आडवं होऊन विष घेण्यापेक्षा धापा टाकत बसलेली बरी. डॉक्टर आहेत की इथे. तू माझं तोंड बघत राहू नकोस. जा, कोळसा आण!"

डॉक्टरांनीही तोच निर्णय दिला. ज्या दोघांना थांबणं शक्य नव्हतं, त्यांना दुसऱ्या केंद्रात पाठवलं. अक्कांना प्राणवायू लावला. एरवी फोनवर बोलायला बुजणारे सर त्या सकाळी तीन दुकानदारांशी भांडले. मग प्रत्येक रुग्णापुढे उभे राहून त्यांनी खरं कारण सांगितलं आणि गेल्या पंधरवड्यात येऊन गेलेल्या सर्वांचं रक्त तपासायची सोय केली.

दुपारी कोळसा आला. टाकीताईंनी दोन्ही टाक्या उपसून नव्याने भरल्या, काळं पाणी नितळ होईपर्यंत धुतल्या. मग पंधरा-पंधरा मिनिटांनी तपासणी. वही सरांच्या हातात. शून्य. शून्य. तिसऱ्यांदाही शून्य!

"पुनरुक्ती झाली, सर," टाकीताई म्हणाल्या.

"होऊ द्या, बाई! तीनशे वेळा होऊ द्या!"

साडेचारला अक्कांचं मशीन सुरू झालं. तासाभरात श्वास संथ झाला आणि त्यांचा डोळा लागला. खाटेशेजारी बसून सरांनी कागद पुढे ओढला :

"मिस्त्री, उत्तराला आठ महिने लागले, क्षमा असावी. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. निबंधात पुनरुक्ती दोष असेल, राखणदारीत ती कर्तव्य आहे. पाणी रोज नवं येतं, म्हणून नजरही रोज नवी हवी आणि नोंदही. आजपासून आमच्या वहीत आकडाच लिहिला जाईल."

वाचकहो, आपल्याही कामात, घरात, गावात असं पुष्कळ काही 'वरीलप्रमाणे' चाललेलं असतं. ते वरचं नेमकं काय होतं, हे एकदा पान उलटून पाहायला हवं. आणि कुणी ते दाखवून दिलं, तर त्याला उत्तर द्यायला हवं!

अक्का जाग्या व्हायच्या आत सर नाक्यावर गेले आणि पत्र पेटीत टाकून आले.